जहाजे पाठ आहेत, खलाशी कुठे आहेत?

नववीच्या वर्गात ऑफ तास होता. मी वह्या तपासत होते आणि मागच्या बाकावर दोन मुलांची पैज लागली होती. एकाने विचारले, "बिस्मार्क कधी बुडाली?" दुसऱ्याने क्षणभरही न थांबता सांगितले, "२७ मे १९४१." मग टायगर रणगाड्याच्या तोफेचे माप, मग कुठल्या विमानाला किती इंजिने. दोघांनाही सगळे तोंडपाठ. मराठीच्या पुस्तकातले चार ओळींचे उत्तर पाठ होत नाही म्हणून रोज बोलणी खाणारी हीच ती मुले!

मी वही बाजूला ठेवली आणि विचारले, "बरं, या लढाईत मुंबईत काय झालं ते सांगा." दोघे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक जण म्हणाला, "मिस, बंबई में तो कुछ हुआ ही नहीं ना?"

आमची शाळा माझगावात आहे. गच्चीवर गेले की गोदीच्या क्रेन दिसतात. जिथे दुसऱ्या महायुद्धातला मुंबईचा सर्वांत भयंकर दिवस उजाडला, ती जागा आमच्या वर्गापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मुलाला तिचा पत्ता नव्हता आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून त्या दिवशी व्याकरण बाजूला राहिले.

जुम्म्याचा दिवस, चार वाजून सहा मिनिटे

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. आपल्याकडच्या जुन्या बायका वय सांगताना "गोदी उडाली तेव्हा मी एवढी होते" असे म्हणत. ती गोदी म्हणजे व्हिक्टोरिया गोदी, आणि ते जहाज म्हणजे 'फोर्ट स्टिकीन'. कॅनडात १९४२ साली बांधलेले, सात हजार टनांचे. २४ फेब्रुवारीला ते इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले.

त्याच्या पोटात काय नव्हते? सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटके, सुटी करून भरलेली लढाऊ विमाने, आणि लोखंडी टाकीत बंद केलेल्या सोन्याच्या १२४ विटा. प्रत्येक वीट पावणेतेरा किलोच्या आसपास. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे, गंधक, राळ आणि लाकूड भरले. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! कप्तान नेस्मिथ यांना ते पसंत नव्हते, पण लढाईच्या दिवसांत जागा मिळेल तिथे माल जात होता. स्फोटके असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती. या जहाजावर तो नव्हता.

दुपारी माल उतरवताना दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. खाली कापूस, वरच्या मजल्यावर स्फोटके. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. शेकडो टन पाणी आत गेले, पण दाबून बांधलेला कापूस आतल्या आत जळत असतो. वरून पाणी टाकले तर गासडी तरंगून वर येते आणि आग स्फोटकांच्या आणखी जवळ जाते. पाणी उकळू लागले, जहाजाची कड तापून लाल झाली. चारला दहा मिनिटे कमी असताना जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा.

त्या धक्क्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर झाली. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. 'जलपद्म' नावाचे जवळपास चार हजार टनांचे जहाज लाटेने उचलले आणि त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडला. एका जहाजाच्या पंख्याचा तुकडा धोबीतलावच्या सेंट झेवियर्स शाळेत येऊन पडला. सोन्याची एक वीट एका पारशी गृहस्थांच्या घराचे छप्पर फोडून आत आली. त्यांनी ती सरकारला परत केली आणि बक्षिसाचे ९९९ रुपये मदतनिधीला दिले.

हे सांगेपर्यंत वर्ग अगदी शांत होता. मग सोन्याच्या विटेवर प्रश्न सुरू झाले. "मिस, बाकीच्या विटा मिळाल्या?" बहुतेक मिळाल्या. गाळ काढताना पुढे कित्येक वर्षे एखाददुसरी सापडत राहिली. अगदी २०११ सालीही दोन सापडल्या.

मी म्हटले, "आता मी विचारते. माणसे किती गेली?"

गोदीशी संबंधित २३१ जण गेले. त्यांतले ६६ अग्निशमन दलाचे जवान होते. जहाज उडणार हे दिसत असूनही ते हातात पाइप धरून उभे होते. कप्तान नेस्मिथही गेले. त्याखेरीज पाचशेहून अधिक सामान्य नागरिक. एकूण आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. मांडवी, मशीद बंदर, डोंगरी या भागांत वखारी आणि चाळी जळाल्या. मग ८ हजार माणसांनी सात महिने राबून सुमारे ५ लाख टन मलबा उपसला, तेव्हा गोदी पुन्हा उभी राहिली.

आठशे की तेराशे? सोन्याच्या विटांचा हिशेब १२४ असा नेमका आहे आणि माणसांच्या हिशेबात पाचशेचा फरक आहे. कारण विटा पावतीवर होत्या. रोजंदारीवर बोजा उचलणारे, पालात झोपणारे, आदल्याच दिवशी गावाहून आलेले पावतीवर नव्हते. हे ऐकून पैजेतला मुलगा म्हणाला, "म्हणजे सोनं मोजलं, माणसं नाही मोजली." मला जे सांगायला अर्धा तास लागला असता ते त्याने एका वाक्यात सांगितले.

बातमीचेही तसेच. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने दुसऱ्याच दिवशी स्फोटाची सविस्तर बातमी दिली. इथे मात्र सेन्सॉरमुळे वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बातमी बाहेर धाडता आली नाही. मुंबईच्या लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले ते जगाला आधी शत्रूकडून कळले.

बंदराच्या बाहेर

मुलांची भूक वाढली तशी माझीही वाढली. रोज शेवटची पाच मिनिटे 'आपल्या समुद्रातली लढाई' असा पायंडा पडला. त्यातल्या दोन-तीन गोष्टी वाचकांनाही सांगते.

पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या सुरुवातीला, 'वुल्फ' नावाचे एक जर्मन जहाज साध्या मालवाहू बोटीचे सोंग घेऊन मुंबईच्या समुद्रात आले आणि सुरुंग पेरून निघून गेले. कुणाला पत्ता लागला नाही. जून महिन्यात 'मंगोलिया' ही मोठी प्रवासी आगबोट त्यांतल्या एका सुरुंगावर आपटून मुंबईबाहेर बुडाली.

दुसरी गोष्ट 'तिलावा'ची. २० नोव्हेंबर १९४२ ला ही आगबोट बॅलार्ड पियरवरून आफ्रिकेला निघाली. साडेनऊशेच्या वर माणसे, त्यांत व्यापारासाठी आणि आप्तांकडे निघालेली कुटुंबे. २३ तारखेला सेशेल्स बेटांच्या ईशान्येला 'आय-२९' या जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारले. २८० माणसे गेली. वाचलेल्यांना २७ तारखेला परत मुंबईला आणले.

आता याच पाणबुडीचा पुढचा प्रवास ऐका. पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ च्या शेवटी, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात एका जर्मन पाणबुडीतून उतरून दोन हिंदी माणसे रबरी होडीतून या 'आय-२९'मध्ये आली. एक नेताजी सुभाषचंद्र बोस. दुसरे त्यांचे सहकारी आबिद हसन, हैदराबादचे. 'जय हिंद' या घोषणेशी ज्यांचे नाव जोडले जाते तेच. त्याच पोलादी नळकांड्याने तिलावावरच्या आपल्या माणसांना बुडवले आणि त्यानेच आपल्या स्वातंत्र्याच्या नेत्याला पूर्वेला पोहोचवले. वर्गात एका मुलीने विचारले, "मग ती पाणबुडी चांगली की वाईट?" मी म्हटले, "हा प्रश्न परीक्षेत येत नाही, पण जन्मभर पुरतो."

तिसरी गोष्ट 'बेंगॉल' या रॉयल इंडियन नेव्हीच्या लहानशा जहाजाची. ११ नोव्हेंबर १९४२. 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजाची राखण करत ते हिंदी महासागरातून येत होते. समोर दोन जपानी जहाजे आली, प्रत्येकी दहा हजार टनांची आणि मोठ्या तोफांची. बेंगॉलवर नावापुरती एक छोटी तोफ. तरी ते पळाले नाही, उलट शत्रूच्या अंगावर गेले. त्या झटापटीत दोनांपैकी 'होकोकू मारू' हे जपानी जहाज स्फोट होऊन बुडाले. बेंगॉल आणि ओंदिना दोन्ही बंदराला लागली. हे ऐकून नववीने बाके वाजवली आणि शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

सारंग, टिंडेल, आगवाला

पण मला सांगायचे आहे ते नौदलाच्याही पलीकडचे. जहाज म्हटले की कप्तान आणि तोफ आठवते. जहाज चालवत कोण होते?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून शब्दांपासून सुरुवात करते. इंग्रज ज्यांना 'लॅस्कर' म्हणत तो शब्द आपल्या 'लश्कर'वरून आलेला. डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो 'सारंग', मूळ फारसी 'सरहंग'. त्याच्या हाताखालचा 'टिंडेल'. सामानाच्या कोठाराचा 'कसाब'. स्वयंपाक करणारा 'भंडारी'. आणि जहाजाच्या तळाशी, बॉयलरच्या तोंडाशी कोळसा टाकणारा 'आगवाला'. हे शब्द पुस्तकात नसतील, पण रत्नागिरी, दापोली, खेड, राजापूर, श्रीवर्धन इकडच्या मुसलमान घरांत अजून एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी सापडतात. कोकणी मुसलमानांची किती घरे या आगबोटींच्या पगारावर उभी राहिली! डोंगरी-माझगावात गावोगावच्या जमातींच्या खोल्या होत्या. जहाज मिळेपर्यंत खलाशी तिथे वळकट्या टाकून राहत.

युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. म्हणजे दर चार माणसांत एक आपला. त्यांत कोकण, सिल्हेट, चितगाव, गुजरात, गोवा, सगळीकडचे होते. जहाज तेच, टॉर्पेडो तेच, पण पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या कितीतरी खाली. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच वेगवेगळ्या बंदरांत आपल्या खलाशांनी वाढीव पगार मागत काम थांबवले. काहींना त्यासाठी तुरुंगात जावे लागले.

टॉर्पेडो बहुधा जहाजाच्या कुशीत, इंजिनाच्या बाजूला लागतो. तिथे आगवाला असतो. 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज सप्टेंबर १९४० मध्ये अटलांटिकमध्ये बुडाले. त्यावर इंग्लंडहून कॅनडाला सुरक्षित जागी धाडलेली ९० मुले होती, त्यांतली ७७ गेली. ही दुःखाची कहाणी जगाने वाचली आणि ते बरोबरच झाले. पण त्याच रात्री त्याच जहाजावरचे शंभराहून जास्त हिंदी खलाशी गेले. त्यांच्याही घरी मुले होती.

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम ही खलाशांची इमारत आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार नौसैनिक आणि खलाशांची नावे एका ग्रंथात लिहिली गेली. त्याची एक प्रत मुंबईला आणि तशीच दुसरी चितगावला. या माणसांना कबर नाही. समुद्र हीच त्यांची कबर.

फुफीची पोत

त्या साडेसहा हजारांत आमच्या घरचा एक माणूस असेल असे मला कधी वाटले नव्हते.

माझ्या सासूबाईंची एक फुफी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या हयात नव्हत्या, पण घरात त्यांचा विषय निघे. त्यांचा नवरा आगवाला होता. निकाहानंतर दोन वर्षांनी तो जहाजावर गेला आणि परत आला नाही. तार आली की नाही, यावर घरात दोन मते. कुणी म्हणे, तार आली आणि सासऱ्यांनी ती दाबून ठेवली. कुणी म्हणे, काहीच आले नाही. फुफीने गळ्यातली काळी पोत शेवटपर्यंत काढली नाही.

हे ऐकायला गोड वाटते, पण विचार केला तर अंगावर काटा येतो. ती बाई ना सुहागन ना बेवा. नवरा मेल्याची खात्री नाही तर इद्दत कधी मोजायची? दुसरा निकाह कसा करायचा? वारसाहक्काचे काय? आपल्या फिकहमध्ये अशा बेपत्ता माणसाला 'मफ्कूद' म्हणतात आणि त्याच्या बायकोने किती थांबावे यावर इमामांची मते वेगवेगळी आहेत. योगायोग असा की, युद्ध सुरू झाले त्याच १९३९ साली आपल्याकडे मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टातून निकाह संपवता येईल, अशी त्यात तरतूद झाली. हुकूम झाल्यावरही सहा महिने थांबायचे, तेवढ्यात नवरा परतला तर हुकूम रद्द. कायदा होता, पण कोकणातल्या खाडीकाठच्या अठरा-वीस वर्षांच्या मुलीला तो सांगणार कोण?

वर्गात खलाशांचा विषय निघाल्यावर मी घरी मुलाला सांगितले, जरा शोध. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नावांची यादी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहे. नाव घातले तर त्या नावाचे कितीतरी निघाले. आपल्याकडे तीच पाच-दहा नावे घरोघर. आडनावाने काहीच मिळाले नाही, कारण आडनाव लिहिलेलेच नव्हते. मग सासूबाईंनी आठवून फुफीच्या सासऱ्यांचे नाव सांगितले. बापाचे नाव आणि 'रत्नागिरी' असे दोन्ही जुळणारी एकच ओळ निघाली. गावाचे स्पेलिंग इतके विचित्र की मोठ्याने वाचल्यावर कळले. पुढे जहाजाचे नाव आणि तारीख. बायकोचे नाव नव्हते.

सासूबाईंनी चष्मा काढला आणि तारीख पुन्हा वाचायला लावली. मग बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे फुफीच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा तो गेलेला होता. आणि फुफी त्याला मुलीची खबर पत्राने कळवत होती." बराच वेळ कुणी काही बोलले नाही. आम्ही शाफई. शाफई मसलकात गायबाना नमाज-ए-जनाजा जायज आहे. पण कळेल तेव्हा पढायची, तर कळायला ऐंशी वर्षे लागली. त्या रात्री घरात फातिहा झाली.

तुमच्या घरी विचारा

मला नाद असणाऱ्या मुलांचे कौतुक आहे. तोफेचे माप पाठ करणारे पोर आळशी नसते. त्याला फक्त एक प्रश्न पुढे विचारायची सवय लावायची असते: या तोफेपाशी कोण उभे होते? त्याच्या घरी कोण वाट बघत होते?

ज्यांच्या घरात आगबोटीवर गेलेला आजा-पणजा आहे त्यांना माझी विनंती आहे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ आज रात्रीच बसा. बापाचे नाव, गाव आणि अंदाजे साल एवढे तीन तपशील लिहून घ्या. यादीत शोधताना आडनावावर अडून राहू नका, नुसत्या नावाने शोधा आणि स्पेलिंग तीन-चार प्रकारे बदलून पाहा. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही, आणि आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, हे ध्यानात ठेवा. जुन्या ट्रंकेत खलाशाची नोंदवही, पगाराची चिठ्ठी किंवा मनीऑर्डरची पावती मिळाली तर रद्दीत देऊ नका.

१४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी असते, म्हणून आमच्या वर्गाने या वर्षी गोदीच्या स्फोटाचा दिवस १५ तारखेला पाळला. भायखळ्याच्या अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या ६६ जवानांचे स्मारक आहे आणि १४ ते २० एप्रिल हा देशभरचा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच आठवणीने पाळला जातो, हे मुलांना प्रथमच कळले. व्हिक्टोरिया गोदी आता राहिलेली नाही. ती भराव टाकून बुजवली आहे. जिथे जहाज फुटले तिथे आज जमीन आहे.

त्या दिवशी पैजेतल्या मुलाने नवा प्रश्न तयार करून आणला होता. फळ्यावर त्याने खडूने लिहिले: "सिटी ऑफ बनारस बुडाली तेव्हा बॉयलरपाशी कोण होते?" आणि उत्तराच्या जागी जहाजाचे, तोफेचे किंवा तारखेचे काही न लिहिता यादीतून उतरवून आणलेली अकरा नावे लिहिली. बापाच्या नावासकट.

मी ती पुसली नाहीत. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनीही फळ्याचा तेवढा भाग सोडून उरलेल्या जागेत गणिते घातली.